डबी माझ्याजवळ होती

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आजारी आणि गरजू सभासदांसाठी जो वेगळा निधी ठेवला जातो, तो सहा वर्षे माझ्याकडे होता. उपासनेनंतर दानार्पणाची मोजणी करणे, वहीत नोंद घालणे, रक्कम बँकेत भरणे आणि पंचांनी मंजूर केलेली मदत घरोघरी पोहोचवणे ही सगळी कामे मी करीत असे. पहिली चार वर्षे ती मी चोख केली. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे लाजेने मला अशी काही घेरले की ती चार वर्षेही ढोंगाचीच होती, असे मला वाटू लागले होते. नंतरच्या दोन वर्षांत मी त्या निधीतून पैसे काढले, वहीत खोट्या नोंदी केल्या, आणि ते पैसे मोबाइलवरच्या पैजांमध्ये घालवले.

व्यसन कसे लागले हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवे असे काही नाही. एकदा लहानशी रक्कम जिंकलो. मग हरलो, आणि हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळलो. माझा पगार पुरेनासा झाला, तेव्हा निधीतून ‘उसने’ घेतले आणि पहिल्या महिन्यात ते खरोखरच परत भरले. त्या परतफेडीनेच माझा घात केला, असे आज मला वाटते, कारण आपण चोर नाही, आपण फक्त हातउसने घेतो, ही समजूत तिने माझ्या मनात पक्की केली. त्यानंतर मी काही भरू शकलो नाही. थोडक्यात हुकलेला प्रत्येक डाव ‘आता येणारच’ असे सांगत राहिला, आणि वहीतले आकडे व बँकेतले आकडे यांच्यातले अंतर वाढत गेले.

पण मला रात्री झोपू देत नसे ते हे आकडे नव्हेत. आमच्या मंडळीत एक वृद्ध विधवा आहेत. आम्ही सारे त्यांना मावशी म्हणतो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि शस्त्रक्रियेसाठी पंचांनी त्यांना मदत मंजूर केली होती. ती रक्कम निधीत शिल्लकच नव्हती. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितले की निधीत सध्या तूट आहे, पुढच्या महिन्यात पाहू. पुढच्या महिन्यातही तेच सांगितले. असे चार महिने गेले. त्यांना तेव्हा शास्त्र वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी मलाच विनंती केली की आलाच आहेस तर एक अध्याय वाचून दाखव. मी वाचत असे. ज्यांच्या डोळ्यांचे पैसे मी खाल्ले होते, त्यांच्यासमोर बसून मी स्तोत्रे वाचत असे आणि त्या डोळे मिटून शांतपणे ऐकत असत. वाचून झाले की त्या माझ्यासाठी प्रार्थना करीत. आजही या लेखातली सर्वांत अवघड वाक्ये कोणती, असे कोणी विचारले, तर मी हीच दाखवीन.

त्या काळात मी एकही उपासना चुकवली नाही. लाज माणसाला देवळापासून दूर नेते असे पुष्कळांना वाटते. मला तिने पहिल्या बाकावर बसवले. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा अंजिराची पाने शिवून अंग झाकतात आणि मग झाडांमध्ये लपतात. माझी उपस्थिती, माझी सेवा आणि माझ्या प्रार्थना हीच माझी पाने होती. एका रविवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय वाचला गेला. मरिया येशूच्या पायांना मोलाचे सुगंधी तेल लावते आणि पुढे येशूचा विश्वासघात करणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत म्हणतो की हे विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत. त्यापुढे योहान लिहितो की गरिबांची काळजी होती म्हणून तो हे बोलला नाही; तो चोर होता, त्याच्याजवळ डबी असे आणि तिच्यात जे पडे त्यातून तो घेई. ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी डबी माझ्या मांडीवर होती.

त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा दिवसभराच्या कण्हण्याने माझी हाडे झिजली. हे मी पूर्वी अलंकारिक समजत असे. प्रत्यक्षात शरीर खरोखरच झिजते. जेवण जात नाही, फोन वाजला की छातीत धडधडते, कोणी प्रेमाने हाक मारली तरी त्यात संशय ऐकू येतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे प्रेम आत पोहोचतच नाही. माझी पत्नी माझ्याशी मायेने वागे, तेव्हा मनात येई की ही ज्याच्यावर प्रेम करते तो माणूस अस्तित्वातच नाही. मी जो आहे तो हिला माहीत नाही, आणि माहीत झाला तर हे प्रेम उरणार नाही. लपलेल्या माणसाला कोणी कितीही स्वीकारले तरी तो स्वीकार त्याच्या मुखवट्याला मिळतो, त्याला मिळत नाही.

वार्षिक हिशेबतपासणीची तारीख ठरली. तिच्या तीन दिवस आधी, रात्री, मी आमच्या मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. हे सगळे मी स्वखुशीने कबूल केले असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पकडला जाण्याची भीती होती. तत्पूर्वीच्या आठवड्यात तर जगूच नये असे विचार माझ्या मनात येऊन गेले होते, आणि त्या विचारांची मला तपासणीपेक्षाही जास्त भीती वाटली होती. मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला बसवले आणि मी बोलत असताना एकदाही मध्ये थांबवले नाही. माझे सांगून झाल्यावर त्यांनी तीनच प्रश्न विचारले: एकूण रक्कम किती, घरी माहीत आहे का, आणि आज रात्री तू एकटा राहिलास तर सुरक्षित आहेस का. तिसऱ्या प्रश्नाला मी रडू लागलो. हा प्रश्न कोणी विचारील, याची मी आशाच सोडली होती.

मी त्यांना म्हणालो की माझा पश्चात्ताप खरा आहे की नाही हेही मला कळत नाही, कारण तपासणी नसती तर मी आलो असतो की नाही, ठाऊक नाही. त्यांनी लूकच्या पंधराव्या अध्यायाची आठवण दिली. येशूच्या दृष्टांतातला, घर सोडून सगळे उधळून बसलेला उधळ्या पुत्र शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार कोणता येतो? बापाच्या घरी मोलकऱ्यांनासुद्धा पोटभर भाकर मिळते आणि मी येथे उपाशी मरतो आहे. त्याला घरी नेले ते भुकेने. वाटेत त्याने एक निवेदन पाठ केले होते, त्याचे शेवटचे वाक्य होते की मला तुमच्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा; आणि तो बोलू लागला तेव्हा ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडण्याआधीच बापाने झगा आणि अंगठी आणायला सांगितली. पाळकसाहेब म्हणाले, “बापाने त्याच्या येण्याचे कारण तपासले नाही. तू आलास, एवढे आजच्या रात्रीला पुरे आहे.”

मग मी यहूदाबद्दल बोललो. मी तोच आहे, असे म्हणालो. त्यांनी मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय उघडला आणि मला मोठ्याने वाचायला लावला. यहूदाला पस्तावा झाला होता. विश्वासघातासाठी मिळालेले तीस रुपये त्याने परत नेले होते. निर्दोष रक्ताचा विश्वासघात करून मी पाप केले आहे, असे त्याने स्पष्ट शब्दांत कबूल केले होते. या ओळी मी अनेकदा वाचल्या होत्या, पण त्यांत कबुली आहे, परतफेडही आहे, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. तो ही कबुली घेऊन मुख्य याजकांकडे गेला, ज्यांनी त्याला विकत घेतले होते; आणि त्यांनी त्याला उत्तर दिले की त्याच्याशी आम्हांला काय करायचे आहे, तुझे तू पाहून घे. त्यानंतर तो एकटा निघून गेला. त्याच रात्री दुसरा शिष्य पेत्र यानेही प्रभूला तीनदा नाकारले होते. तोही बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. पण पुनरुत्थानाच्या सकाळी तो इतर शिष्यांच्या संगतीत होता. पाळकसाहेब म्हणाले की यहूदाचा न्याय करणे आपल्या हाती नाही. मात्र पस्तावा घेऊन माणूस कोणाच्या दारी जातो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ‘तुझे तू पाहून घे’ असे तुला येथे कोणी म्हणणार नाही, निदान मी तरी म्हणणार नाही, असे सांगून ते उठले, आणि त्या रात्री माझ्याबरोबर माझ्या घरी आले.

पत्नीला मी कसे सांगितले आणि ती काय म्हणाली, हे मी येथे लिहिणार नाही. ते तिचे आहे.

पुढच्या दोन दिवसांत मी पंचांसमोर सगळा हिशेब ठेवला. खऱ्या नोंदी मी एका वेगळ्या कागदावर तारखेनिशी उतरवून नेल्या होत्या. त्या करताना माझ्या लक्षात आले की मी मनात धरलेल्या रकमेपेक्षा खरी रक्कम मोठी होती. लाज आकडेही धड मोजू देत नाही. पोलिसांत तक्रार द्यावी की नाही, यावर पंचांमध्ये मतभेद झाले आणि मी लेखी दिले की त्यांनी तक्रार दिली तर मी काहीही नाकारणार नाही. शेवटी ठरले ते असे: मी सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त होईन, संपूर्ण रक्कम हप्त्यांनी परत करीन, उपचार घेईन, सहा महिने प्रभुभोजनात (भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीत) सहभागी होणार नाही, आणि ही गोष्ट सभासदांच्या सभेत मी स्वतः सांगीन. मावशींच्या शस्त्रक्रियेचा खर्च पंचांनी त्याच आठवड्यात आपापसांत वर्गणी करून उभा केला.

सभेत बोलताना मी कागदावरून वाचले, कारण आवाजावर माझा भरवसा नव्हता. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात सांगितले आहे की एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, यासाठी की तुम्ही निरोगी व्हावे. क्षमेसाठी देवाजवळ कबुली पुरेशी आहे, असे आम्ही मानतो आणि ते खरेच आहे. पण याकोब येथे बरे होण्याविषयी बोलतो, आणि त्यासाठी तो माणसांसमोर उभे राहायला सांगतो. हा फरक मला त्या दिवशी शरीरात जाणवला. सभा संपली तेव्हा मी कोणाच्याही नजरेला नजर देऊ शकत नव्हतो, तरी दोन वर्षांत पहिल्यांदा माझी छाती मोकळी झाली होती. लपवायला आता काही उरलेच नव्हते.

सर्वांनी मला जवळ घेतले, असे झाले नाही. एका कुटुंबाने मंडळी सोडली. काही जण आजही माझ्याशी कामापुरतेच बोलतात. पूर्वी मला वाटे की ख्रिस्ती माणसांनी ताबडतोब क्षमा केली पाहिजे, आणि मनात कुठेतरी त्यांच्याविषयी तक्रारही होती. आता तसे वाटत नाही. त्यांनी आपल्या कष्टाच्या पैशांतून दिलेले दान मी चोरले होते. त्यांचे दुखणे किती दिवस चालावे हे ठरवण्याचा अधिकार चोराला नसतो. दुसरीकडे, एका वयस्कर पंचांनी मंडळीला करिंथकरांस पाठवलेल्या दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय वाचून दाखवला. तेथे प्रेषित पौल एका शिक्षा झालेल्या माणसाविषयी लिहितो की त्याला झालेली शिक्षा पुरेशी आहे. आता त्याला क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो दुःखाने पार खचून जाईल. माझ्यासारख्याची काळजी पहिल्या शतकातच कोणी करून ठेवली होती, हे ऐकताना मी मान खाली घालून बसलो होतो.

रकमेची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण माझ्या बरे होण्याचा मोठा भाग त्या व्यवहारातून गेला. मी पाळकसाहेबांना सांगितले होते की शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराप्रमाणे मी चौपट परत करीन. त्यांनी मला शांतपणे विचारले की चौपट कशासाठी? मी उत्तर देऊ शकलो नाही, पण आतून मला माहीत होते: चौपट दिले की मी पुन्हा चांगला माणूस ठरेन, आणि कोणाच्या उपकाराखाली राहणार नाही. त्यांनी मला जक्कयाच्या गोष्टीतला क्रम दाखवला. येशू उंबराच्या झाडाखाली थांबतो आणि म्हणतो की आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. लोक कुरकुर करतात. आणि त्यानंतर जक्कय उभा राहून चौपट परत करण्याचे बोलतो. पाहुणा आधी घरी आला, पैसे नंतर निघाले. मी नेमके उलट करू पाहत होतो. शेवटी बायबलच्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नियम आम्ही धरला: मूळ रक्कम पूर्ण आणि तिचा पाचवा भाग अधिक. ते माझ्या ऐपतीत होते आणि त्यात माझ्या मोठेपणाला जागा नव्हती.

उपचारांसाठी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागलो. प्रार्थना करणाऱ्या माणसाला डॉक्टरची गरज नसावी, असे मला कोणी म्हटले नाही, पण मी स्वतःच तसे समजत होतो. डॉक्टरांनी सांगितले की जुगाराचा विकार हा व्यसनाधीनतेचाच एक प्रकार मानला जातो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली, तो तशाच गटात नोंदलेला आहे. हे ऐकून मला दिलासा मिळाला आणि त्या दिलाशाची भीतीही वाटली. आजार म्हटले की पाप पुसले जाते की काय? डॉक्टर म्हणाले की आजार होणे तुमच्या हातात नव्हते, उपचार घेणे आहे. पाळकसाहेबांनी त्यावर एवढेच म्हटले की प्रभूने आजाऱ्याला कधी दोष दिला नाही आणि चोराला कधी निर्दोष म्हटले नाही, पण दोघांच्याही घरी तो गेला. मला दोन्ही औषधे लागली. माझा फोन पत्नीच्या ताब्यात गेला, पगार थेट तिच्या खात्यात जमा होऊ लागला, आणि दर आठवड्याला मी डॉक्टरांनी सांगितलेल्या गटात बसू लागलो.

सातव्या महिन्यात मी पुन्हा खेळलो. सहकाऱ्याचा फोन मागून घेतला आणि खिशातले होते तेवढे घालवले. रक्कम क्षुल्लक होती, पण बसल्या जागी मला दरदरून घाम फुटला, कारण नुकतेच, एकाच महिन्यापूर्वी, मी पुन्हा प्रभुभोजन घेतले होते. जुना आवाज तत्काळ परत आला: पाहिलेस, तू असाच आहेस, आता कोणाला सांगू नकोस. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर चपला काढण्याआधी मी पत्नीला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सांगितलेत ते बरे केलेत. उद्या गटात जा.” पूर्वीच्या आणि आताच्या पडण्यात एवढाच फरक होता की पूर्वी मी दोन वर्षे एकटा पडलो होतो आणि यावेळी चार तास. माझ्यासाठी तो फरक प्रचंड होता.

त्याच सुमारास पाळकसाहेबांनी मला हिप्पोचे बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या आत्मकथनातला नाशपातींच्या चोरीचा भाग वाचायला दिला. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्यांनी शेजारच्या बागेतल्या नाशपाती चोरल्या. भूक नव्हती, त्या फळांचा मोहही नव्हता, बहुतेक फळे त्यांनी डुकरांना टाकली. ही गोष्ट त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर, बिशप असताना, सर्वांना वाचता येईल अशी लिहिली आणि ती देवाला उद्देशून लिहिली. मला त्यांच्या विश्लेषणापेक्षा त्या लिहिण्याच्या पद्धतीचे नवल वाटले. आपल्या लाजिरवाण्या गोष्टीकडे ते एकटे पाहत नाहीत. देवाला शेजारी बसवून, त्याच्याशी बोलत बोलत पाहतात. मी तसे करून पाहू लागलो. रोज रात्री एक प्रसंग घ्यायचा आणि तो प्रभूला सांगायचा: मी मावशींच्या घरी बसलो होतो, तुम्हीही तेथे होता.

अशा एका रात्री इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातले ते वचन मला नव्याने समजले, की येशूने लज्जा तुच्छ मानून वधस्तंभ सहन केला. वधस्तंभाच्या वेदनांविषयी आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकतो. पण रोमी सत्तेने ती शिक्षा केवळ ठार मारण्यासाठी योजली नव्हती. माणसाला उघडे करून, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या थट्टेचा विषय करून मारायचे, असा तिचा हेतू होता. म्हणजे ज्या गोष्टीला मी मरणापेक्षाही अधिक भ्यालो होतो, सगळ्यांसमोर उघडे पडण्याला, त्याच गोष्टीतून तो गेला होता, आणि तोही स्वतःचा काही दोष नसताना. माझ्या पापाची क्षमा वधस्तंभावर झाली हे मला बालपणापासून ठाऊक होते. माझ्या लाजेलाही तेथे जागा आहे हे मला त्या रात्री कळले, आणि कितीतरी दिवसांनी मी गुडघे टेकून शब्दांवाचून प्रार्थना केली.

मावशींचे दोन्ही डोळे बरे झाले. शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ पाच महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही त्यांच्यासमोर गेलो नाही. ज्या रविवारी मी सहा महिन्यांनी प्रभुभोजनाला पुढे गेलो, त्या रविवारी त्या आपली जागा सोडून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. उपासना झाल्यावर म्हणाल्या, “मला तुझा फार राग आला होता. अजून थोडा आहे. तू चोरलेस त्याचा नाही एवढा, तू माझ्याकडून प्रार्थना करून घेतलीस त्याचा.” मी काही बोलू शकलो नाही. मग त्या म्हणाल्या, “पण त्या प्रार्थना मी परत मागणार नाही. बुधवारी ये.”

त्यांच्या घरी भरलेल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत त्यांनी स्वतः, स्वतःच्या डोळ्यांनी, योहानाचा एकविसावा अध्याय वाचला. पहाटेच्या वेळी तिबिर्याच्या समुद्राच्या किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला असतो. योहानाने कोळशांच्या विस्तवाचा उल्लेख याआधी एकदाच केला आहे: अठराव्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या वाड्यात, जेथे पेत्र शेकत उभा होता आणि जेथे त्याने प्रभूला ओळखण्याचे नाकारले. प्रभू त्याला तशाच विस्तवापाशी बोलावतो. तो वास पेत्राला ओळखीचा वाटला असणारच. तेथे प्रभू त्याला, तू असे का केलेस, असे विचारत नाही. पुन्हा असे करशील का, असेही विचारत नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढेच तीनदा विचारतो. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो, असे योहानाने नमूद केले आहे. ते मला फार मोलाचे वाटते. बरे होताना दुखते, आणि शास्त्र ते झाकून ठेवत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरेजवळचा तरुण स्त्रियांना निरोप देतो तो ‘त्याच्या शिष्यांना व पेत्राला’ सांगा असा. शिष्यांत पेत्र येतोच. तरीही त्याचे नाव वेगळे घेतले आहे. आता आपण शिष्यांत मोडतो की नाही, अशी शंका ज्याला येत असेल, त्याच्यासाठी ते घेतले असावे, असे मी समजतो.

मावशी वाचत होत्या आणि मी ऐकत होतो. एकेकाळी मी वाचत असे आणि त्या ऐकत असत, त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर.

माझ्या पत्नीचा विश्वास परत यायला याहून जास्त काळ लागला, आणि तो संपूर्ण परत आला आहे असे म्हणायची मला घाई नाही. तिलाही लाज सोसावी लागली होती, जी तिच्या वाट्याची नव्हतीच. एकदा ती म्हणाली की लोक तुमच्यासाठी प्रार्थना करतात तेव्हा मला एकटे वाटते. त्यानंतर मंडळीतल्या दोन बहिणी दर आठवड्याला केवळ तिला भेटायला येऊ लागल्या. पडलेल्या माणसाभोवती गर्दी होते आणि त्याच्या घरच्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही; हे मंडळ्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

निधीची जबाबदारी मी पुन्हा घेतली नाही. दुसऱ्या वर्षी एका पंचांनी प्रेमाने सुचवले होते की विश्वास दाखवण्यासाठी मोजणीला तरी तुला बसवू या. मी हात जोडून नाही म्हणालो. स्वीकार म्हणजे डबी परत हाती येणे, असे मला वाटत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल लिहितो की चोरी करणाऱ्याने यापुढे चोरी करू नये, तर आपल्या हातांनी चांगले काम करून कष्ट करावेत, म्हणजे गरजवंताला देण्यास त्याच्याजवळ काहीतरी असेल. मी संध्याकाळी एक जादा काम धरले होते, त्यातून हप्ते जात होते. पण वचनाचा शेवटचा भाग माझ्या आवाक्यात नव्हता. उपासनेत दानाची थाळी माझ्यासमोर येई तेव्हा मी जे टाकत असे, ते सगळे कर्जाचेच होते.

एकतिसाव्या महिन्यात शेवटचा हप्ता भरला. नव्या खजिनदाराने पावती करताना सवयीने ‘दान’ या रकान्यात आकडा लिहायला घेतला. मी त्याला थांबवले आणि ‘परतफेड’ असे लिहायला सांगितले. त्याने तसे लिहिले, खाली ‘पूर्ण’ असा शेरा मारला आणि सही केली. पावती मी पत्नीच्या हातात दिली. तिने ती दोनदा वाचली आणि कपाटात ठेवली.

पुढच्या रविवारी थाळी आली तेव्हा माझ्या खिशात एक नोट होती, जी कोणाचेही देणे लागत नव्हती. मी ती थाळीत टाकली. शेजारी मावशी होत्या. त्यांनी पाहिले आणि थाळी माझ्या हातातून घेऊन पुढे दिली.